एकशे छप्पन यार्ड, बरोब्बर!

गोल्फच्या गाडीत जीपीएस बसवलेलं असतं आणि ते पावलापावलाला अंतर सांगतं, हे मला इतकी वर्षं कुणी कसं सांगितलं नाही! भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो तो निवृत्त होईपर्यंत मी अंतरंच मोजली. आधी शंकू-साखळी, मग फलकयंत्र, मग ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र. कोकणातल्या उतारावर, घाटमाथ्यावरच्या काट्याकुट्यात, लगतच्या खातेदारांच्या दहा डोळ्यांसमोर. दोन बिंदूंमधलं अंतर खात्रीने सांगायला काय काय करावं लागतं, हे माझ्या पायांना माहीत आहे. गोल्फशी मात्र संबंध आला तो येरवड्याच्या कोर्सवरून बसने जाण्यापुरता. श्रीमंतांचा खेळ, हातात काठी, पांढरे बूट, एवढंच डोक्यात होतं. हा सबंध खेळच अंतराचा आहे, हे इथे नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला लेकीकडे आल्यावर समजलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

जावई शनिवारी सकाळी खेळायला जातो. म्हणाला, "बाबा, चला, गाडीत बसून फिरून याल." सार्वजनिक कोर्स, कुणीही पैसे भरून खेळावं असा. दोन्ही बाजूंना उंच पाइनची झाडं, खाली त्यांच्या वाळलेल्या सुयांचा जाड थर आणि पाणी वाहून गेलेल्या जागी उघडी पडलेली तांबडी माती. विजेवर चालणारी दोन माणसांची गाडी, मागे क्लबच्या, म्हणजे खेळायच्या काठ्यांच्या, पिशव्या बांधायला जागा, वर छत. त्या छताखाली, दोघांच्या डोळ्यांसमोर, पाटीएवढा पडदा. जावयाने पहिल्या होलकडे गाडी वळवली आणि पडदा आपोआप बदलला. वरून पाहिलेला सगळा होल त्यावर आला. मधोमध फेअरवेचा कापलेल्या गवताचा हिरवा पट्टा, त्याला लागून बंकरचे, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांचे, फिकट ठिपके, डावीकडे तळं, टोकाला ग्रीन, म्हणजे झेंडा आणि भोक असलेली हिरवळ, आणि या सगळ्यावर एक इवलीशी गाडी. ती गाडी म्हणजे आम्ही! आम्ही हललो की ती हलायची.

नकाशाशेजारी तीन आकडे. ग्रीनचा पुढचा काठ १४२, मध्य १५६, मागचा काठ १६९. गाडी पुढे सरकली तसे ते तिन्ही आकडे एकदम उतरायला लागले. १५५, १५४, १५३. मी जावयाचा दंडच धरला. "थांब, थांब, जरा मागे घे!" त्याने मागे घेतली, आकडे चढले. मग त्याने मला बोटाने पडद्यावर कुठेही टेकवायला सांगितलं. मी तळ्याच्या पलीकडच्या काठावर टेकवलं. तिथपर्यंत किती आणि तिथून पुढे ग्रीनपर्यंत किती, दोन्ही अंतरं हजर. पाण्यापलीकडची मोजणी! पाणी आडवं आलं की साखळीवाल्याला केवढा वळसा पडतो, काटकोन टाकून अंतर कसं काढावं लागतं, हे ज्याने केलंय त्याला त्या क्षणी माझ्या पोटात काय झालं असेल ते कळेल.

आता हे अंतर इतकं का महत्त्वाचं? खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. प्रत्येक क्लबचा कोन वेगळा, म्हणून प्रत्येकाचा पल्ला वेगळा. जावयाचा सात नंबरचा आयर्न साधारण १५० यार्ड जातो, सहा नंबरचा त्याहून दहा-बारा यार्ड पुढे, आठ नंबरचा तेवढाच अलीकडे. दहा-बारा यार्ड! आपल्या मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, सोळा आण्यांची. ती चारी बाजूंना टाकली की एक गुंठा होतो. ३३ फूट म्हणजे ११ यार्ड. म्हणजे या क्लबपासून त्या क्लबपर्यंतचा फरक बरोब्बर गुंठ्याच्या एका बाजूइतका! इंग्रजांची मोठी साखळी ६६ फुटांची, म्हणजे २२ यार्डांची, तेवढीच क्रिकेटची खेळपट्टी. ज्या मापांवर मी नोकरी केली त्याच मापांवर ही माणसं खेळतात, हे लक्षात आलं तेव्हा मी गाडीत बसल्या बसल्या मोठ्याने ओरडलो. जावयाला आधी वाटलं मला काही चावलं.

गाडीवर यंत्र येण्यापूर्वी काय करत असतील, हे मी त्याला खोदून खोदून विचारलं. डोळ्यांच्या अंदाजाने आणि कॅडीच्या, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाच्या, सल्ल्याने खेळायचे. पुढे पावलं मोजणारे आले. १९६१ साली कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला अमेरिकेची हौशी खेळाडूंची स्पर्धा होती. तेव्हा डीन बीमन या खेळाडूने तरुण जॅक निकलॉसला पावलांनी अंतर मोजून वहीत टिपून ठेवायला सुचवलं. निकलॉस ती स्पर्धा जिंकला आणि वही त्याने पुढे कधी सोडली नाही. वही घेऊन मैदानात फिरणारा माणूस, काठापासून किती, झाडापासून किती हे लिहून ठेवणारा! टिपण म्हणतो आम्ही त्याला. जगातला सर्वांत गाजलेला गोल्फर टिपणं करत होता, आणि आमच्या खात्यात ही बातमी कुणालाच नव्हती.

आणखी एक गोष्ट मी गुडघ्यावर बसून पाहिली. फेअरवेमध्ये गवताला पाणी मारायचे फवारे पुरलेले असतात. त्यांची गोल झाकणं जमिनीच्या सपाटीला असतात आणि त्यांवर आकडा असतो, तिथून ग्रीनच्या मध्यापर्यंतचा. मला सापडलेल्या झाकणावर १४७ होतं. गवताची पाती बाजूला सारून मी त्यावरून अंगठा फिरवला. हद्दीचा दगड सापडल्यावर माती झटकून खूण बघावी, तसंच. मग जावयाला म्हटलं, गाडी या झाकणाला चिकटून आण. खात्री केल्याशिवाय भूकरमापक कागदावर सही करत नाही. गाडी आली, पडद्यावर आकडा स्थिरावला. १४८. एका यार्डाचा फरक! तोही अँटेना छतावर, झाकणापासून हातभर बाजूला. पुढे जिथे जिथे झाकण दिसलं तिथे तिथे मी उतरलो. बहुतेक ठिकाणी दोन-तीन यार्डांच्या आत जुळलं. मागचे चौघे वाट बघत होते म्हणून जावई घाई करत होता, पण त्यानेही शेवटी एक झाकण स्वतः शोधून दिलं.

हा आकडा येतो कुठून, हे घरी आल्यावर वाचत बसलो तर रात्रीचा एक वाजला. डोक्यावर २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरतात, प्रत्येक जण दिवसातून दोन प्रदक्षिणा घालतो. प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ. तो सतत एवढंच सांगत असतो, की मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे. ही हाक खाली पोचायला सेकंदाचे साधारण सात शतांश लागतात. गाडीतलं यंत्र तो उशीर मोजतं, उशिरावरून अंतर काढतं. चार उपग्रहांची अंतरं एकत्र घेतली की आपली जागा निघते. चौथा कशाला? तर गाडीतलं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्याची चूकही शोधायची असते. तीन अज्ञातं जागेची, एक वेळेचं, म्हणून समीकरणं चार. केवढं सरळ आणि केवढं अफाट!

यात आइन्स्टाइनही आहे. एवढ्या उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून तिथलं घड्याळ दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतं, आणि उपग्रहाच्या वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. वजाबाकी करून ३८ मायक्रोसेकंद उरतात. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणजे हा हिशोब सोडला तर एका दिवसात अकरा किलोमीटरची चूक साचेल. म्हणून उपग्रह वर सोडण्याआधीच त्याचं घड्याळ किंचित मंद लावतात. आठ नंबर घ्यावा की सात, या जावयाच्या प्रश्नाला सापेक्षतेच्या सिद्धांताशिवाय उत्तर नाही!

या हिशोबात पृथ्वीही गुळगुळीत चेंडू धरून चालत नाही. तिचे खड्डे-उंचवटे गणितात बसवणाऱ्यांमध्ये ग्लॅडिस वेस्ट नावाच्या कृष्णवर्णीय गणितज्ञ बाई होत्या, शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात, डाल्ग्रेनच्या नौदल केंद्रात. शेतकरी घरातली मुलगी, पृथ्वीचा आकार मोजायला बसली. त्यांच्याबद्दल वाचल्यापासून नातीला रोज त्यांचंच सांगतोय.

गाड्यांवर ही यंत्रं बसायला लागली ती १९९० च्या दशकात, आणि तेव्हा एक मोठी अडचण होती. अमेरिकी लष्कर नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळायचं, शंभरेक मीटरपर्यंतची. गुंठ्याच्या बाजूवर क्लब बदलणाऱ्या खेळात शंभर मीटर! त्यावर तोड अशी काढली, की क्लबहाउसजवळ एक यंत्र पक्कं रोवायचं. त्याची खरी जागा आधीच माहीत. उपग्रह त्याला चुकीची जागा सांगतात, म्हणजे चूक किती ते त्याला लगेच कळतं, आणि ती वजा करायला ते सगळ्या गाड्यांना रेडिओवरून कळवतं. वाचता वाचता मी ताडकन उठलो. आज आपल्या महाराष्ट्रात मोजणीला रोव्हर, म्हणजे काठीवरचं जीपीएस यंत्र, वापरतात ते याच तत्त्वावर! जागा पक्की माहीत असलेली कायमची केंद्रं ठिकठिकाणी उभी आहेत, ती दुरुस्ती पाठवतात आणि बांधावर उभ्या असलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या हातातल्या काठीवर सेंटिमीटरची अचूकता येते. १ मे २०००च्या रात्री ती मुद्दाम घातलेली चूक राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने बंद झाली, आणि मग गाडीतली यंत्रं स्वस्त आणि सोपी झाली.

पडदा बाकीही बरंच करतो. खाणं मागवता येतं, गुण मांडता येतात, आम्ही रेंगाळतोय हेही तो सांगतो. त्यात मला गोडी नाही. पण गाडी ग्रीनच्या फार जवळ नेली तर ती आपोआप मंदावते आणि थांबते, मग फक्त मागे घेता येते, हे मी मुद्दाम करून पाहिलं. जमिनीवर दोरी नाही, दगड नाही, कुंपण नाही, आणि तरी हद्द आहे. पाऊस पडून गेला की तीच हद्द सकाळी कार्यालयात बसून सरकवतात आणि गाड्या डांबरी वाटेवरच राहतात, गवत तुडवलं जात नाही. त्या दिवशी गाडी बॉलच्या शेजारी नेता येत नाही. मग वाटेवर बॉलच्या रेषेत उभं राहून आकडा वाचायचा आणि आडवं चालत जायचं. काटकोन डोळ्यांनी साधायचा. शंकू घेऊन आयुष्यभर मी दुसरं काय केलं!

काही खेळाडू लेझरची दुर्बीण वापरतात. झेंड्यावर नेम धरला की तिथपर्यंतचं अंतर, अगदी यार्डापर्यंत नेमकं. उत्तम वस्तू आहे, पण मी गाडीच्या पडद्याच्या बाजूचा. दुर्बिणीला दिसेल तेवढंच मोजता येतं. टेकाडामागे दडलेलं ग्रीन, झाडीआडचं तळं तिला कसं कळणार? आणि झेंड्यापर्यंतच्या एका आकड्यापेक्षा पुढचा काठ आणि मागचा काठ हे दोन आकडे मला मोलाचे वाटतात. कुठे कमी पडलेलं चालेल आणि कुठे जास्त झालेलं, ते त्यातून कळतं. नियमांनीही हे मान्य केलंय. २००६ पासून स्थानिक नियम करून अशी साधनं चालवता येऊ लागली, आणि २०१९ च्या नियमांपासून स्पर्धेने मनाई केली नसेल तर ती चालतातच. चढ-उताराचा हिशोब करून देणारी सोय मात्र खेळताना वापरायची नाही. हे मला फार पटलं. सपाटीवरचं अंतर यंत्राने सांगावं, चढ, वारा आणि ओलं गवत माणसाने वाचावं.

खेळ संपल्यावर मी क्लबहाउसमध्ये गेलो आणि विचारलं, या ग्रीनचा काठ नकाशात घातला कुणी? काउंटरवरच्या मुलाने मैदानाची देखभाल बघणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. उन्हाने रापलेला माणूस, टोपीला गवत चिकटलेलं. ते म्हणाले, बराचसा भाग हवाई छायाचित्रांवरून, पण ग्रीनच्या कडा यंत्र हातात घेऊन चालत चालत. चालत! मी त्यांना माझं काम सांगितलं, साखळी सांगितली, गुंठा सांगितला, जावई भाषांतर करून करून दमला. सातव्या होलचं ग्रीन त्यांनी नुकतंच उकरून नव्या जातीचं गवत लावलंय, त्याचा आकार बदललाय आणि पडद्यावर अजून जुनाच काठ आहे. नवा काठ घ्यायला कंपनीचा माणूस मंगळवारी येणार आहे. मी सोबत चाललो तर चालेल का, विचारलं. ते म्हणाले, सकाळी सातला या, दव असेल, बूट जाड घाला. जावयाला त्या दिवशी ऑफिस आहे, पण लेक सोडणार आहे. नातीला शाळेला सुट्टी आहे, ती म्हणते, "आजोबा, झेंडा मी धरणार."