लोखंडाचा भोपळा

भोपळा हा शब्द कानी पडताच आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना गणिताची उत्तरपत्रिका आठवेल, हे आम्ही जाणून आहोत. मराठी भाषेने या गरीब फळावर अन्यायच केला आहे. शून्य गुण मिळाले की भोपळा, समजूत खोटी ठरली की भ्रमाचा भोपळा फुटला, आणि दोघांचे हाडवैर असले की त्यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य! तेव्हा पंचेचाळिशी गाठलेल्या एका शिक्षकाने परदेशी जाऊन काय आणले, तर भोपळा, असे कोणी थट्टेने म्हटल्यास त्यावर रागावण्याचे आम्हांस कारण नाही. आणलेला भोपळा मात्र लोखंडाचा आहे, आणि तो आम्ही स्वतः घडविला आहे. त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

सन २०२३ च्या शरद ऋतूत एका महाविद्यालयाच्या निमंत्रणावरून आम्ही अमेरिकेतील ओहायो राज्यात दोन महिने राहिलो. त्या दिवसांत त्या मुलुखावर भोपळ्याचीच सत्ता असते. मक्याची शेते वाळून पिवळी पडलेली, मेपल वृक्षांची पाने लाल झालेली, आणि घरोघरी पायऱ्यांवर नारिंगी भोपळे मांडून ठेवलेले. सर्कलव्हिल नावाच्या गावी तर १९०३ सालापासून भोपळ्यांची जत्रा भरत आली आहे. तेथे सर्वांत जड भोपळ्यास बक्षीस मिळते, आणि बक्षिसाचे भोपळे हजार पौंडांच्या पुढचे असतात; ते हलविण्यास माणसे पुरत नाहीत, यंत्र लागते. लेकीकडून धष्टपुष्ट होऊन भोपळ्यात बसून घरी परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकताना, ती त्यात मावली कशी, अशी शंका आम्हांस बालपणी येत असे. ती शंका तेथे फिटली.

३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. आयर्लंडातील लोक त्या रात्री सलगम कोरून आत दिवा ठेवीत. ते लोक अमेरिकेत जाऊन वसले, तेव्हा सलगमाहून मोठे आणि कोरण्यास सोपे असे हे फळ त्यांना आयतेच सापडले. तांबडा भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच. मेक्सिकोतील एका गुहेत त्याच्या कुळातील सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया मिळाल्या आहेत. आपल्या परसातले डांगर हाही समुद्रावरून आलेला पाहुणाच आहे. (तंबोऱ्याला लागतो तो भोपळा निराळा, तो दुध्याच्या जातीचा, आणि आपल्याकडे फार जुना.) परंतु कोरलेला भोपळा आठपंधरा दिवसांत खचतो, त्यावर बुरशी धरते, आणि ज्याच्यापुढे मुलांनी काल नाच केला त्याला आज उकिरडा दाखवावा लागतो. न कुजणारा भोपळा करावा असे एखाद्या लोहाराच्या मनात आले असल्यास नवल नाही. शरद ऋतू आला की तेथील हौशी लोहारांच्या भट्ट्यांवर असे भोपळे घडू लागतात.

'हौशी लोहार' हे शब्द वाचून आमचे पालक क्षणभर थबकतील. आम्हीही थबकलो होतो. मोटारगाड्या आल्या, कारखान्यात अवजारे होऊ लागली, आणि अमेरिकेतील गावोगावचा लोहार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बहुतेक नाहीसा झाला. होम्स परगण्यातील अमिश लोक आजही घोड्याच्या बग्गीतून हिंडतात, त्यामुळे तेथे नाल ठोकणाराला काम आहे. पण तो अपवाद. पुढे १९७३ साली जॉर्जिया राज्यातील लंपकिन या गावी (गावाच्या नावाचे पंपकिनशी यमक जुळते, हा निव्वळ योगायोग) काही लोहार जमले आणि त्यांनी आपली संघटना उभारली. तेव्हापासून ही विद्या पुन्हा रुजली, परंतु निराळ्या मातीत. पोटासाठी घण मारणारा गेला, आणि मनासाठी घण मारणारा आला. आम्ही ज्या भट्टीवर दर शनिवारी गेलो तेथे आमचे सहाध्यायी कोण होते म्हणाल, तर एक दंतवैद्य, एक निवृत्त परिचारिका, बँकेतील एक कारकून आणि रसायनशास्त्र शिकणारी एक मुलगी. सर्वांनी पैसे भरून काजळी अंगाला लावून घेतली होती. आमच्या यजमानांनी, येणार काय, असे विचारताच आम्ही होकार दिला, आणि देतानाच आमच्या छातीत काही हलले. त्याचे कारण पुढे येईल.

आता कृती सांगू. प्रारंभी हातात येतो तो काळ्या लोखंडी नळाचा एक हातभर तुकडा. त्याला दोन इंची नळ म्हणतात, पण बाहेरून मोजल्यास तो साठ मिलिमीटर भरतो. जाडी चारच्या किंचित आत. भोपळ्यासाठी त्यातले चार इंचच खर्ची पडतात, वजनाने अर्ध्या किलोहून थोडे अधिक. उरलेला नळ मुठीचे काम करतो. असा नळ पट्टी गोल वळवून सांधलेला असतो, आणि त्या सांध्याची बारीक रेघ लांबीभर गेलेली असते. आमच्या उस्तादांनी (सत्तरीचा, अबोल, भुवया अर्ध्या जळालेल्या असा तो गृहस्थ होता) सर्वांआधी ती रेघ बोटाने शोधावयास लाविली. खडूने आठ रेघा आखावयाच्या, आणि त्यांतली पहिली नेमकी सांध्यावर, हा त्यांचा दंडक. सांधा खाचेत गेला की भोपळ्याच्या गालावर व्रण राहत नाही.

मग खाचा. येथे धारदार छिन्नी चालत नाही, कारण ती तापलेला नळ चिरून पार जाते. बोथट, गोलसर तोंडाची छिन्नी घ्यावी लागते. नळ नारिंगी होईपर्यंत तापवून रेघेवर छिन्नी ठेवली आणि हातोडा मारला की लोखंड आत दबते, व दोन्ही अंगांना आपोआप फुगवटा उठतो. खापा काढाव्या लागतच नाहीत. खाच पाडली की खाप उभी राहते.

त्यापुढचे काम नळाचे तोंड मिटविण्याचे, आणि सगळ्यांत संयमाचे तेच. टोक पिवळे होऊ द्यावे, ऐरणीच्या कडेवर टेकवावे, हलका घाव घालावा, नळ किंचित फिरवावा, पुन्हा हलका घाव, पुन्हा फिरवावा. जोर केला की तोंड एका अंगाला चेपते. आमच्या दंतवैद्य मित्रांच्या हाताला जोर फार. त्यांचा भोपळा शेवटपर्यंत मान कलवून बसला. घाव घालता घालता भोक लहान होत जाते, आणि लोखंड पातळ न होता उलट जाड होते, कारण तेवढेच द्रव्य थोड्या जागेत दाटते. देठापुरते भोक उरले की थांबावे. मग भोपळा मूळ नळापासून तोडून दुसरे तोंडही तसेच आत वळवावयाचे, परंतु तेथेही बारीक छिद्र ठेवलेच पाहिजे. पोकळी दोन्हीकडून बंद झाली, आत ओल किंवा हवा कोंडली, आणि तो गोळा भट्टीत गेला, तर तो फुटू शकतो. उस्ताद महिनाभरात एकदाच मोठ्याने बोलले, ते या छिद्राविषयी.

इथपर्यंत जे झाले ते भोपळ्यासारखे मुळीच दिसत नाही. एखाद्या लांबट रायआवळ्यासारखे दिसते. आता ते सगळे सारखे तापवून ऐरणीवर उभे करतात आणि माथ्यावर घाव घालतात. एक, दोन, तीन. उंची खचते, पोट पुढे येते, खापा एकमेकींना रेटतात, आणि डोळ्यांदेखत भोपळा होतो. आमच्या वर्गातील परिचारिकाबाई त्या क्षणी लहान मुलीसारख्या हसल्या. पुढचे काम खेळाचे. चौकोनी सळईचे टोक निमुळते करून तिला पीळ द्यावयाचा, तो देठ. बारीक सळई ओढून लांबवून दांड्याभोवती गुंडाळावयाची, ती वेलीची तणावे. शेवटी लोखंडाची लाली पूर्ण ओसरल्यावर, पण हात लावण्याजोगे होण्याच्या पुष्कळ आधी, पितळी तारांच्या कुंचल्याने घासले की खापांवर सोन्यासारखी झाक चढते. वर मेण चोळावे म्हणजे गंज धरत नाही.

आता छातीत काय हलले ते सांगतो. आमचे वडील लोहार. मिशनच्या उद्योगशाळेत ते काम शिकले, आणि तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे त्यांनी भट्टी चालविली. विळे, कोयते, खुरपी, नांगराचे फाळ, गाड्यांच्या धावा. आई भात्यावर बसे, आणि आम्ही उंबऱ्यावर बसून घणाच्या तालावर पाढे म्हणत असू. भट्टीच्या आत पाऊल टाकण्याची आम्हांस मनाई होती. नऊदहा वर्षांचे असताना एकदा आम्ही हातोडा उचलला, तेव्हा वडिलांनी तो काढून घेतला आणि म्हणाले, "हा एकदा धरलास की सुटत नाही. तू खडू धर." मनगटापासून कोपरापर्यंत त्यांच्या हातावर ठिणग्यांचे पांढरे ठिपके आहेत, त्या ठिपक्यांच्या मोलावर आम्ही पदवीधर झालो. सन २००८ मध्ये भट्टी विझली. बाजारात पंजाबातून आलेले विळे स्वस्त मिळू लागले, गाड्यांना रबरी चाके बसली. भंगारवाला ऐरणीसाठी तीनदा येऊन गेला. वडिलांनी ती दिली नाही. ती चिंचेखाली पडून राहिली.

आमच्याकडे जून महिन्यात प्रवेशाचे अर्ज येतात, त्यांत वडिलांचा व्यवसाय लिहावा लागतो. बाजारपेठेच्या टोकाला आजही एका गृहस्थाची भट्टी आहे. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत आहे. त्याने त्या रकान्यात 'खासगी' असे लिहिले होते. आम्ही त्याला काही विचारले नाही.

डिसेंबरात घरी परतलो. भोपळा वडिलांच्या हाती दिला तेव्हा ते अंगणात उन्हाला बसले होते. वय शहात्तर, एका डोळ्याला मोतीबिंदू. हा आपण केला, असे आम्ही सांगितले नव्हते. त्यांनी तो उचलून तोलला, नखाने वाजविला, देठ हलवून पाहिला. नंतर उजव्या अंगठ्याने एकेक खाच चाचपू लागले. पाचव्या की सहाव्या खाचेत अंगठा थांबला. "सांधा खाचेत लपवला आहे," ते म्हणाले, "करणारा शहाणा दिसतो." आम्ही तरीही बोललो नाही. मग त्यांनी आमचा हात हाती घेतला आणि मनगटावरचा एक लहानसा ताजा डाग पाहिला. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी त्यांनी विचारले, याचे काय करतात? आम्ही सांगितले, काही नाही, नुसता ठेवतात. किंमत विचारली, तीही सांगितली. त्या पैशांत आपण किती विळे दिले असते, याचा हिशेब त्यांच्या ओठांवर झालेला आम्हांस दिसला. "आयुष्यभर विळे केले," ते म्हणाले, "आणि पोराने भोपळा आणला!" आणि इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

त्यानंतरच्या जून महिन्यात ती ऐरण आमच्या शाळेच्या कार्यशाळेत आली. वडिलांनी ती गाडीत स्वतः उभे राहून चढविली, आणि सोबत एक निरोप धाडला: मुले पाण्याच्या जुन्या नळांचे तुकडे गोळा करतील, त्यांना जस्ताचा मुलामा असतो, ते भट्टीत घालू देऊ नका. निरोप वेळेवर आला, कारण मुलांनी तोवर तसे चार तुकडे आणलेही होते. तापलेल्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेल्यास रात्री थंडी वाजून ताप भरतो. ते तुकडे परत गेले, आणि काळा नळ विकत घेण्यात आला.

याला परीक्षेत गुण किती, असे दोघातिघा पालकांनी विचारले. गुण नाहीत. तरी नववीतील अकरा मुलांनी आणि चार मुलींनी नावे दिली, आणि दिवाळीपर्यंत तीन भोपळे पुरे झाले. तिसऱ्याचे तोंड मिटेना. आम्ही शनिवारची वेळ मोजून शिकलेले विद्यार्थी. आमची विद्या तेथे संपली. तेव्हा अर्जावर 'खासगी' लिहिणारा तो मुलगा काही न बोलता बाहेर गेला आणि अर्ध्या तासाने वडिलांना घेऊन आला. त्या गृहस्थांनी चपला दाराशी काढल्या, ऐरणीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि मुलाला म्हणाले, "सांडशी तू धर." दोन तापांत तोंड मिटले. मुलगा सांडशी फिरवीत होता, आणि त्याला फिरव असे एकदाही सांगावे लागले नाही.

ते तीन भोपळे कार्यालयासमोरच्या फडताळात ठेविले आहेत. पालकांनी येता जाता अवश्य पाहावेत, हातात घेण्यासही हरकत नाही. यंदा मुलांची मागणी कारल्याची आहे. देठ आणि बाक सोपा आहे. पण त्या खडबडीत सालीसाठी कोणत्या तोंडाची छिन्नी करावी, याविषयी आमचे वडील आणि बाजारपेठेतील ते गृहस्थ यांचे अद्याप एकमत झालेले नाही.