रिकाम्या जागेची साक्ष

सेवानिवृत्तीला आठ दिवस उरले असतांना प्रयोगशाळेंतील निरुपयोगी वस्तूंची यादी सहीसाठीं माझ्यापुढें आली. तींत ‘हॉल परिणामाचा जुना संच, नग १’ अशी एक ओळ होती. उमरखेडची ती वैशाखांतली दुपार. पैनगंगेकडची झळ खिडकीशीं घुटमळत होती. सही करण्यापूर्वीं त्या संचाचें शेवटचें दर्शन घ्यावें, म्हणून मीं कपाट उघडलें.

संच कसला म्हणाल, तर एक विद्युच्चुंबक, प्रवाह पुरविणारी पेटी, आणि पट्टीच्या टोकाशीं बसविलेला जर्मेनियमचा नखाएवढा स्फटिक! स्फटिकांतून कांहीं मिलिअँपिअर प्रवाह सोडून तो चुंबकाच्या ध्रुवांमध्यें धरला, कीं प्रवाहाच्या आडव्या दिशेनें किंचित् विद्युद्दाब उत्पन्न होतो. एडविन हॉल यानें १८७९ सालीं सोन्याच्या वर्खावर हें प्रथम पाहिलें. इलेक्ट्रॉनचा शोध लागावयास तेव्हां अठरा वर्षें अवकाश होता! सोन्यांत हा दाब अत्यल्प असतो. अर्धवाहकांत वाहक विरळ, म्हणून तो मिलिव्होल्टांत मोजतां येतो. आणि आंत धांवणारे वाहक ऋण आहेत कीं धन, हें त्या दाबाची दिशाच सांगते.

धन वाहक म्हणजे तरी काय? पंगतींतला एक पाट रिकामा झाला, आणि एकेक जण शेजारच्या पाटावर सरकूं लागला, तर माणसें एकीकडे जातात, रिकामा पाट दुसरीकडे. इलेक्ट्रॉनांच्या अशा रिकाम्या जागाच अर्धवाहकांत धन कणांप्रमाणें वावरतात.

आमच्या स्फटिकाची जात सांगणारी चिठ्ठी केव्हांच गळून पडली होती. वाहक म्हणजे इलेक्ट्रॉन, असें गृहीत धरून मी मोकळा झालों होतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें याच संचावर धन उत्तर आणलें. मीं म्हटलें, “तारा उलट जोडल्या असशील.” तिनें तीनदां प्रयोग केला, तीनदां तेंच उत्तर आणलें. चौथ्या वेळीं मात्र तिनें माझ्या मनासारखें चिन्ह लिहिलें, आणि मीं संतोषानें सही केली.

आतां मीं होकायंत्रानें ध्रुव तपासले, एकेका तारेचा बोटानें माग काढला, आणि कळ दाबली. उत्तर धन! मुलगी खरी होती, संच खरा होता; खोटें लिहावयास शिकविणारा तेवढा मी होतों.

ती आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. यादींतील ती ओळ मीं खोडली, आणि पेटीच्या झांकणावर एक कागद चिकटविला: ‘उत्तर धन येतें. विद्यार्थ्यावर विश्वास ठेवावा.’