मध्यंतराची जकात

इंग्लंडच्या मध्यभागातील एका बेताच्या गावी, नोव्हेंबर महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारचे अडीच वाजून गेले असताना, पडावे की न पडावे याविषयी खुद्द पावसाचाच निश्चय होत नव्हता अशा वेळी, फुटबॉलच्या मैदानाच्या लोखंडी दरवाज्यावर माझ्या पिशवीतला भडंगाचा डबा जप्त करण्यात आला.

जप्ती हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे, कारण त्या प्रसंगाला मामलेदार कचेरीची सारी शिस्त होती. पिवळ्याजर्द जाकिटातल्या एका वयस्क पहारेकऱ्याने पिशवी तपासली, डबा बाहेर काढला, कानाशी नेऊन खुळखुळवला, झाकण उघडून कुरमुरे, शेंगदाणे, तळलेल्या लसणीच्या पाकळ्या आणि कढीपत्ता अशा आतल्या मुद्देमालाचे गंभीरपणे अवलोकन केले, आणि मग, आपली हरकत अन्नाला नसून पात्राला आहे, पोलादी डबा हे खेळाडूला फेकून मारण्याचे साधन होऊ शकते, सबब तो आत जाणार नाही, सामना संपल्यावर बिल्ला दाखवून परत न्यावा, असा निवाडा दिला. कोल्हापुराहून निघून दोन विमानतळांवरच्या तपासण्या निर्वेध पार करून आलेला तो डबा एका टेबलाखाली, छत्र्यांच्या आणि दुर्बिणीच्या शेजारी, गुन्हेगारासारखा जाऊन बसला. बारा वर्षे त्या देशात काढलेल्या माझ्या भाच्याने निघतानाच बजावले होते, “मामा, डबा राहू द्या घरी. आत सगळं मिळतं.” सगळे मिळते हे खरेच होते. केवढ्याला मिळते, एवढेच तेवढे सांगावयाचे तो विसरला होता.

आत जे मिळते त्यात अग्रपूजेचा मान ‘पाय’ या पदार्थाला आहे. आमच्या भाषेत पाय म्हणजे ज्याने चेंडू लाथाडावयाचा तो. त्यांच्या भाषेत तो खावयाचा. शिवाय रुपयाचा 192वा हिस्सा असलेले आमचे पै हे नाणे इंग्रज अमलात ज्या अक्षरांनी लिहिले जाई, त्याच अक्षरांनी हा पदार्थही लिहितात, हे ध्यानात आल्यापासून त्याच्या किमतीकडे मला सरळ मनाने पाहता आलेले नाही. रूपाने तो आपल्या करंजीचा थोरला, गोल आणि वर्णाने पिंगट असा भाऊबंद होय: कठीण पारीची मुठीएवढी वाटी, तीत मांसाचा खिमा आणि दाट रस्सा, वर पारीचेच झाकण, आणि हे सारे ॲल्युमिनियमच्या पातळ ताटलीत. बाहेरून तो इतका कोमट आणि निरुपद्रवी भासतो की नवखा मनुष्य निःशंकपणे घास घेतो, आणि आतल्या रश्श्याने जिव्हाग्र पोळल्यावरच त्याला कळते की आजूबाजूची मंडळी आधी झाकणाला भोक पाडून वाफ का जाऊ देत होती.

गोमांस चालत नाही हे भाच्याला ठाऊक असल्यामुळे त्याने माझ्यासाठी कोंबडीचा ‘बालटी पाय’ घेतला. हा प्रकार 1990च्या दशकाच्या अखेरीपासून त्या मुलखातल्या मैदानांवर रुजला. त्याच्या नावाचे मूळ बर्मिंगहॅममधल्या पाकिस्तानी व काश्मिरी खानावळींत आहे. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे लोखंडी कढईत झटपट परतून, त्याच कढईत वाढल्या जाणाऱ्या रस्सेदार पदार्थांना बालटी हे नाव पडले. बालटी म्हणजे आपली बादली. पूर्वेकडून जाऊन एका इंग्रज उद्योगनगरीत कढईची बादली व्हावी, त्या बादलीतला रस्सा इंग्रज पारीत शिरावा, आणि तो विकत घेण्यासाठी कोल्हापुरी माणसाने परदेशात रांगेत उभे राहावे, ही वस्तूंच्या देशाटनाची कथा मला सामन्याहून अधिक रम्य वाटली, हे येथे कबूल करून टाकतो.

रांगेविषयी मात्र रम्य असे काही सांगता येणार नाही. मध्यंतर पंधरा मिनिटांचे. तेवढ्यात हजारो माणसांनी प्रेक्षागाराखालच्या सिमेंटच्या बोळात उतरावयाचे, आवश्यक ते सर्व देहधर्म उरकावयाचे आणि भूकही भागवावयाची. म्हणून अनुभवी लोक चाळिसाव्या मिनिटालाच, खेळाकडे पाठ करून, अपराधी चेहऱ्याने खाली सटकतात. आम्हीही सटकलो. खिडकीशी पोहोचतो न पोहोचतो तोच डोक्यावरचे छत गर्जना करू लागले, खिडकीतल्या फळीवर मांडलेल्या कागदी पेल्यांतला चहा वर्तुळावर्तुळांनी थरथरला, आणि भिंतीवरच्या दूरदर्शन संचातला खेळाडू मात्र अजून चेंडू घेऊन संथपणे धावतच होता, कारण त्या यंत्रातले चित्र वास्तवाच्या काही क्षण मागे चालत होते. सबंध बोळ माना वर करून उभा राहिला. होऊन गेलेली गोष्ट आता होईल म्हणून वाट पाहण्याचा तो विलक्षण क्षण होता. मग पडद्यावरही गोल झाला, एकदोघांनी हळहळून कपाळावर हात मारला, आणि रांग एक पाऊल पुढे सरकली.

दोन पाय आणि दोन चहा. पायाचे साडेचार पौंड, चहाचे अडीच. एकूण 14 पौंड. परदेशात पैशाचे रुपये करू नयेत, त्याने जेवण पचत नाही, हे भाच्याचे मत शहाणपणाचे आहे. परंतु हिशेबाच्या सोयीसाठी पौंडाचे शंभरच रुपये धरले तरी चौदाशे होतात, आणि एवढ्या रकमेत आमच्या गल्लीत मिसळीची पंगत उठते, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. पाण्याची बाटली मागितली, तेव्हा विक्रेत्या मुलीने तिचे टोपण काढून स्वतःजवळ ठेवून मग ती माझ्या हाती दिली. टोपण घातलेली भरली बाटली दूर फेकता येते, उघडी तितकीशी नाही, असे शास्त्र आहे. डब्यामागोमाग टोपणही गेले. त्या दुपारी मी निःशस्त्र झालो.

या अन्नाचा जन्म मात्र लुबाडणुकीतून झालेला नाही. शनिवारी दुपारी तीनला सामना, ही रूढी गिरण्यांच्या भोंग्याला बांधलेली आहे: 1850च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले, पुढे ही अर्धी सुटी इतरांच्याही पदरात पडत गेली, आणि कामावरून थेट मैदानावर येणाऱ्या, थंडीने काकडलेल्या, उभ्यानेच खेळ पाहणाऱ्या त्या कष्टकऱ्याला एका हातात मावेल, ताट मागणार नाही आणि बोटेही शेकेल असे काहीतरी हवे होते. पाय हे त्याचे उत्तर होते. दुसरे उत्तर बोव्हरिल. हा काळा, खारट, दाट द्रव गरम पाण्यात कालवून पितात. भाच्याने वास घेण्यासाठी एक पेला माझ्या नाकाशी धरला आणि मी मान मागे घेतली, कारण तो गोमांसाचा अर्क आहे. जॉन लॉसन जॉन्स्टन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने 1870च्या दशकात तो प्रथम फ्रेंच सैन्यासाठी सिद्ध केला, आणि पुढे लॅटिनमधला बैलवाचक शब्द आणि बुल्वर-लिटनच्या एका कादंबरीतल्या ‘व्रिल’ या काल्पनिक दिव्यशक्तीचे नाव यांचा संधी करून त्याचे नामकरण झाले. बैल अधिक दिव्यशक्ती! आमच्याकडे असा समास करून कोणी काढा विकला असता तर त्याची थट्टा झाली असती. तिकडे त्याने शंभरांहून अधिक हिवाळे काढले.

पालट झाला तो गेल्या चाळीस वर्षांत. 1985च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी मद्य पिण्यास बंदी केली. हा कायदा फुटबॉललाच लागू, रग्बी आणि क्रिकेट पाहणाऱ्यांना तो नाही, आणि कोणत्या खेळाचा प्रेक्षक कोणत्या वर्गातून येतो असे सरकारला वाटे, हे त्यावरून स्वच्छ दिसते. मग 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तीत 97 माणसांचा अंत झाला. जानेवारी 1990मध्ये न्यायमूर्ती टेलर यांचा जो अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला, त्यामुळे मोठ्या मैदानांवरच्या उभ्या पायऱ्या जाऊन तेथे खुर्च्या आल्या. त्या अहवालात, इतक्या दारुण विषयाच्या मध्यावर, मैदानांवर मिळणाऱ्या निकृष्ट खाण्याची आणि ते ज्या गलिच्छ जागी खावे लागते तिचीही दखल घेतलेली आहे. माणसाला गुरासारखे कोंडणे आणि त्याच्यापुढे गुरासारखे खाणे टाकणे ही एकाच अनास्थेची दोन रूपे आहेत, हे त्या न्यायाधीशाला दिसले होते. खुर्ची आली म्हणून भाव वाढण्याचे कारण नाही, हे पटवण्यासाठी त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला होता: तेथे त्या काळी बसून पाहण्यास 6 पौंड आणि उभ्याने 4 पौंड पडत. खुर्ची राहिली, सल्ला बाजूला पडला.

पुढे तिकिटांवर ओरड होऊन 2016पासून प्रीमियर लीगमधल्या पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा घालण्यात आली. पायाला मर्यादा कोणी घातली नाही. ती घातली जात नाही याचे कारण त्या बोळात उभा असताना माझ्या ध्यानात आले, आणि ते ध्यानात येताच मला आमच्या गावाबाहेरचा जुना जकातनाका आठवला. खाण्याच्या खिडकीवरच्या फळ्यावर लिहिलेला भाव पिठाचा, मांसाचा किंवा शेगडीच्या विजेचा नव्हताच. डबा बाहेर ठेवून घेणाऱ्या दरवाज्याचा आणि पंधरा मिनिटांनी वाजणाऱ्या शिटीचा तो भाव होता. बहुतेक ठिकाणी खाद्यपेयांचा हा व्यवहार मक्त्याने दिलेला असतो. मक्तेदाराला मैदान मिळते, मैदानाला वसुलीतला हिस्सा मिळतो, आणि भुकेल्याला उंबऱ्याच्या आत आल्यावर दुसरे दुकान नसते. आमच्याकडची जकात गेली, 2017 साली मुंबईचे नाकेही उठले. येथला नाका चालू आहे, आणि त्याची यंत्रसामग्री तर थक्क करणारी होत चालली आहे: 2019 साली उघडलेल्या टॉटनहॅमच्या नव्या मैदानात 65 मीटर लांबीचा मद्याचा कट्टा आहे, आणि तेथे पेला वरून भरीत बसण्यात क्षण जाऊ नयेत म्हणून तो बुडातून भरतात. शास्त्रज्ञांची अशी बुद्धी मध्यंतरासाठी खर्ची पडावी, याचे कौतुक करावे की कसे, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

हे असेच असावयाचे, असे मात्र नव्हे. अमेरिकेत अटलांटा येथे 2017 साली जे प्रचंड क्रीडागार उघडले, आणि ज्यात आपला, म्हणजे पायाने खेळण्याचा, फुटबॉलही होतो, तेथे मालकाने खाण्याचे भाव आधीच्या क्रीडागारातल्या भावांच्या निम्म्यावर आणले. त्या वर्षी हॉट डॉग 2 डॉलर, आणि 2 डॉलरच्या शीतपेयाचा पेला हवा तितक्या वेळा भरून घ्यावा, असे ते भाव होते. पहिल्या हंगामाचा हिशेब मांडला तेव्हा दरडोई खर्च घटण्याऐवजी 16 टक्के वाढल्याचे आढळले. लोक लवकर येऊ लागले, घरी जेवून येईनासे झाले. आमच्या चणेवाल्याला हे अर्थशास्त्र हिशेबाची वही न उघडता समजत असे.

कोल्हापुरात छत्रपती शाहू स्टेडियमवर, एकीकडे पाटाकडील तालीम आणि दुसरीकडे शिवाजी तरुण मंडळ अशी लढत असली, की हा चणेवाला गळ्यात टोपली अडकवून पायऱ्यांवरून आपल्याकडे चढत येई. आपण उठून त्याच्याकडे जाण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे त्याच्यापायी कोणाचा गोल चुकला असे मी ऐकलेले नाही. चार आण्यांचा पुडा. पैसे नसले तर, “पाटाकडील जिंकली की द्या,” ही त्याची उधारीची अट. तो स्वतः पाटाकडीलचा असल्यामुळे विरुद्ध बाजूच्या पायऱ्यांवरच्या पुड्यांत शेंगदाणे कमी आणि कुरमुरे जास्त निघत असा प्रवाद होता, आणि माझा मामेभाऊ ते मोजून सिद्ध करी. दर त्याच्या हाती होता, मक्तेदारीही म्हटली तर होती. पण सामना संपल्यावर त्याला गिऱ्हाइकांच्याच पेठेतून घरी जावयाचे होते.

उत्तरार्धात काय झाले ते सांगण्यासारखे नाही. भाच्याचा संघ हरला. त्याचा एकुलता एक गोल आम्ही छताखालून ऐकला तेवढाच. बाहेर पडताना मी बिल्ला दाखवला. पहारेकऱ्याने टेबलाखाली वाकून डबा काढला, तो मला देताना किंचित घुटमळला, आणि यात नक्की काय आहे, वास फार चांगला येतो, असे म्हणाला. मी झाकण काढून डबा त्याच्यापुढे धरला. त्याने हातमोजा काढून चिमूटभर घेतले, मग मूठभर घेतले, आणि तिखटाने डोळ्यांत आलेले पाणी जाकिटाच्या बाहीने टिपीत विचारले, “हे केवढ्याला मिळतं?”

मी सांगितले. तो हसला, बहुधा ऐकण्यात काही चूक झाली असे त्याला वाटले असावे.

आता पावसाचा निश्चय झालेला होता. बसथांब्याच्या छपराखाली गळ्यात संघाचे पटके गुंडाळलेली, पराभवाने अबोल झालेली माणसे दाटीने उभी होती, आणि त्यांच्यात अंग चोरून उभ्या असलेल्या आमच्या साहेबाने, ज्याने तासाभरापूर्वी 14 पौंड कार्ड टेकवून निर्विकारपणे मोजले होते त्याने, ओला तळवा माझ्यापुढे पसरला.

“मामा, आटपा,” तो म्हणाला, “सादळेल.”