गणित रक्तात असते म्हणे!

काटेवाडीच्या समाजमंदिरात रविवारी संध्याकाळी आम्ही दहाबारा जण वाचनाला बसतो. मागच्या खेपेला अकरावीतली आमची एक मुलगी गप्प गप्प होती. शिकवणीचे सर वर्गात म्हणाले होते, "गणित रक्तातच असावं लागतं." कुणाच्या रक्तात, ते सरांनी सांगितले नाही. तिला सांगावेही लागले नाही.

मग आम्ही रक्ताचाच विषय घेतला.

माणसाचा मेंदू चिंपांझीच्या सुमारे तिप्पट मोठा. तो का, याचा एक धागा 2018 साली हाती लागला. कॅलिफोर्नियातील डेव्हिड हॉसलर आणि ब्रसेल्सचे पिएर व्हांडरहागेन यांच्या गटांनी 'सेल' या नियतकालिकात 'नॉच-टू-एनएल' नावाच्या जनुकांवर संशोधन मांडले. नॉच-टू या जुन्या जनुकाची ही अर्धवट नक्कल. चिंपांझी आणि गोरिलातही ती आहे, पण निकामी. माणसाच्या पूर्वजांत तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वी ती दुरुस्त झाली आणि तिच्या आणखी प्रती निघाल्या.

तिचे काम काय? गर्भाच्या मेंदूतल्या मूळ पेशीला ठरवायचे असते, लगेच चेतापेशी व्हायचे की आधी आपली संख्या वाढवायची. हे जनुक म्हणते, थांब. आपल्याकडे सगळा ऊस कारखान्याला न घालता थोडा बेण्याला राखतात, पुढच्या साली लागण वाढते, तसेच. उशीर होतो, पण पेशी जास्त मिळतात. मात्र जास्त म्हणजे हुशार, असा अर्थ कुणी काढू नये. पहिल्या गुणसूत्राच्या याच भागातला तुकडा गळाला तर डोके लहान राहू शकते, दुप्पट झाला तर मोठे होऊ शकते, आणि दोन्हीकडे स्वमग्नतेसारख्या अडचणी आढळतात. हा बिघाड कधी आईवडिलांत नसतानाही बाळात नव्याने होतो. त्याला जातीचा दाखला लागत नाही.

ही जनुके निअँडरथल माणसातही सापडली. आणि जात किती जुनी? हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले की, सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वी भारतात लोकसमूह सर्रास मिसळत होते. ते नंतर थांबले. जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मर्म, हे बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात मांडले होते, तेही जनुकांचा पुरावा हाती नसताना.

एवढ्यात आमच्यातलाच एक जण म्हणाला, "पण दादा, त्यांचा डीएनए वेगळा आहे हे सिद्ध झालंय ना?" हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा माल आमच्याच पोरांत जास्त खपतो, याचा आम्हाला राग येतो. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, असे बाबासाहेबांनी 1936 मध्ये लिहून ठेवले. वंशावरून माणूस मोजायचा असेल, तर त्या सरांशी भांडायचे कशाला? दुकान तेच, फक्त पाटी आपली. बराच वाद झाला. तो पुरता पटला नाही; पटेपर्यंत बोलूच.

आम्हाला काळजी वेगळीच आहे. ते जनुक पोटातल्या बाळात काम करते, पण आईला आयोडीन कमी पडले तर त्याच बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हंगामात बीडकडून येणारी ऊसतोड करणारी बाई दिवस भरत आले तरी मोळ्या उचलते. ती काय खाते, हे कुणाच्या रक्तावर ठरत नाही, मुकादमाच्या उचलीवर ठरते.

निघताना त्या मुलीने गुणसूत्राची आकृती वहीत उतरवून घेतली. पुढच्या रविवारी ती आम्हाला लॉगॅरिदम शिकवणार आहे. खडू आणायला आम्हाला सांगितले आहे.