दारात साचलेलं पाणी

"उजव्या बाजूचा आवाज फाटतोय गो," अण्णा जूनपासून फोनवर सांगत होते.

"कसला आवाज?"

"गाडीतल्या टेपचा."

तो टेप नाही, त्यात पेनड्राइव्ह लागतो, हे मी त्यांना पूर्वी समजावून झालं होतं. आवाज फाटण्याचं मात्र मी मनावर घेतलं नाही. अण्णा एकाहत्तर वर्षांचे आहेत. घरी टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारच्या काकूंना आपला लावावा लागत नाही. मी पुण्यात बसून निदान करून टाकलं की बिघाड गाडीत नसून कानात आहे. त्यांना न विचारता कानाच्या तपासणीची वेळही घेऊन ठेवली. हे कळल्यावर आठ दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही.

ऑगस्टमध्ये चिपळूणला गेले. अण्णा स्टँडवर घ्यायला आले होते. गाडीत नेहमीप्रमाणे शक्ती-तुऱ्याचं रेकॉर्डिंग सुरू होतं. ढोलकीची थाप पडली की त्यांच्या दारातून कागद फाटल्यासारखा फर्रर्र आवाज यायचा. मी शेजारच्या सीटवर बसून तो स्वच्छ ऐकला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काही बोललेही नाहीत. बहादूरशेख नाक्यापर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो.

या गाडीचं एक कौतुक आहे. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण पुरात बुडालं तेव्हा ती आत्याकडे कराडला होती, म्हणून वाचली. पुरातून सुटलेली गाडी रोजच्या पावसाने बिघडावी, हे मला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पडवीत गाडी लावून आम्ही कामाला लागलो. पहिली पायरी फुकटची असते. आवाजाचा बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, ठीक. पूर्ण उजवीकडे नेऊन आवाज मागे ढकलला, ठीक. पुढे आणला की फर्रर्र. म्हणजे चारपैकी एकच स्पीकर, अण्णांच्या दारातला. आता दोष स्पीकरचा की वायरचा? दार आणि खांबाच्या मध्ये रबराची एक नळी असते, तिच्यातून वायरी दारात जातात. दार हजारदा उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतात. तसं असेल तर दार हलवल्यावर आवाज येतो-जातो. आमचा आवाज दार हलवूनही तसाच फाटका राहिला.

मग दाराचं आतलं पॅड काढलं. हँडलच्या खोबणीतले दोन स्क्रू आणि कडेच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा. अण्णांनी ३० वर्षं ट्रक चालवला आहे, कुंभार्ली घाट त्यांना पाठ आहे. क्लिपा काढताना माझा हात बाजूला करून म्हणाले, "ओढू नको. खालनं सुरुवात कर, ती आपसूक सुटते."

स्पीकर बाहेर आला. कागदाचा कोन फुगून पापडासारखा झाला होता, एका कडेने सुटलाही होता. मागचं चुंबक गंजलेलं. मल्टिमीटरवर कॉइल साडेतीन ओहम दाखवत होती, म्हणजे ती शाबूत होती. चार ओहमच्या स्पीकरचं मोजमाप साधारण एवढंच येतं. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला तर 'थप' असा मोकळा आवाज यायला हवा. इथे खरखर आली. कोन वाकडा झाल्याने कॉइल आत घासत होती. खात्रीसाठी डाव्या दारातला स्पीकर काढून याच वायरीला जोडला, तर तो सुरेख वाजला. वायर निर्दोष ठरली.

"पण दारात पाणी शिरलं कुठून?" मी विचारलं. तेव्हा अण्णांनी मला जे सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. गाडीच्या दारात पाणी शिरतंच. काचेवरून ओघळलेलं पाणी बाहेरच्या रबराजवळून थोडंफार आत उतरणार, हे दार बनवणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं. म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवतात, तिथून ते निघून जातं. आणि दाराचा पत्रा व पॅड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, आतलं पाणी आतच राहावं म्हणून.

आमच्याकडे दोन्ही बिघडलं होतं. दोन वर्षांपूर्वी काच अडकली तेव्हा गॅरेजमध्ये कुणीतरी तो कागद फाडून हात घातला होता, वर खाकी चिकटपट्टी मारली होती. पहिल्याच पावसाळ्यात ती सुटली असणार. तळाची भोकं लाल मातीने आणि कुजक्या पानांनी गच्च. अण्णांनी वाकवलेली तार घातली तसं दारातून अर्धा मग तांबडं पाणी भळाभळा सांडलं. त्यात भर म्हणजे, अण्णा भर पावसातही काच बोटभर उघडी ठेवतात. ट्रकची सवय.

नवा स्पीकर प्लॅस्टिकच्या कोनाचा घेतला, तो भिजून फुगत नाही. त्याच्यावर तेलाच्या जुन्या कॅनमधून कापलेली पागोळी बसवली. वरून आणि बाजूंनी झाकलेली, खालून उघडी. खालूनही बंद केली असती तर पाणी तिथेच साठलं असतं. पॅड लावण्याआधी काच वर-खाली करून पाहिली, हे बरं झालं, कारण पागोळीची कड काचेला घासत होती. ती पुन्हा कापली. वायर सरळ न आणता थोडी खाली लोंबती ठेवून मग वर जोडली, म्हणजे तिच्यावरून आलेला थेंब लोंबत्या जागेवरून खाली गळतो. फाटक्या कागदाच्या जागी जाड प्लॅस्टिक, काळ्या चिकट ब्यूटाइल पट्टीने चिकटवलेलं. त्याची खालची कड अण्णांनी मुद्दाम दाराच्या आत खोचली. "कौलावर कौल कसं घालतात? तसं. पाणी आतल्या आत उतरलं पाहिजे." मी सिलिकॉन आणलं होतं, व्हिनेगरसारख्या वासाचं. ते तांब्याच्या वायरी खातं, म्हणून परत ठेवलं.

संध्याकाळी रेकॉर्डिंग लावलं. अण्णा त्यांच्या सीटवर, मी शेजारी. बॅलन्स डावीकडे. "झकास," ते म्हणाले. उजवीकडे. त्यांनी मान तिरकी केली. "ढोलकी येतेय. शब्द येत नाहीत. अजून बिघाड आहे यात."

मी उतरून त्यांच्या जागी बसले. गायकाचा शब्द न् शब्द कळत होता.

मी काहीच बोलले नाही. पण अण्णा दारात उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना कळलं. ते पुन्हा सीटवर बसले. मान वळवून डावा कान दाराकडे केला, ऐकलं. मग उजवा केला. पुन्हा डावा. स्पीकर शोधायला जे आम्ही सकाळी केलं, तेच आता ते स्वतःचं करत होते.

जूनमध्ये ते खरं बोलत होते. मीही अगदीच चूक नव्हते. पण मी न ऐकताच बरोबर ठरले होते, आणि त्याचा मला अजिबात आनंद झाला नाही.

"तीस वर्षं याच बाजूची काच उघडी," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. उजवा हात काचेच्या कडेवर, त्याच जुन्या जागी. "इंजिन, हॉर्न, घाटातलं वारं. सगळं ह्याच कानात."

पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून पुण्याला आले. डॉक्टरांनी आलेख काढला. दोन्ही कानांत वयाचा उतार होता, उजव्यात जास्त. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, डॉक्टर म्हणाले, म्हणून स, श, त, फ असे वर्ण निसटतात आणि माणूस म्हणतो, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. ट्रकचं ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली, तेही एक कारण असू शकतं म्हणाले. दोन बाजूंत फरक आहे म्हणून आणखी एक तपासणी सांगितली. ती नीट निघाली.

यंत्राचा साचा घेण्यासाठी कानात लगदा भरला तेव्हा अण्णा हलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "पावसात याचं काय करायचं ते विचारलंस?"

"पाणी लागू द्यायचं नाही. रात्री काढून कोरड्या डबीत ठेवायचं."

"आणि आत गेलंच तर?"

मला उत्तर सुचेना. अण्णांनी खिशातून रुमाल काढून कान पुसला, गाडीचं दार उघडलं आणि बसण्याआधी खाली वाकून तळाच्या भोकांतून बोट फिरवलं.