फळ्यावरची बातमी



आमच्या हातकणंगल्याच्या घरात आजोबांचा एक जुना रेडिओ होता. रोज सकाळी त्यावर आकाशवाणी सांगली लागायचं. मी चौथीत होते आणि वर्गाच्या फळ्यावर पाच बातम्या लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. काय तो रुबाब माझा!

एका पावसाळी सकाळी सेल उतरले होते. खरखरीतून मला एवढंच ऐकू आलं, ‘पंचगंगा... शाळांना उद्या सुट्टी...’ झालं! मी झोकात लिहून टाकलं, ‘उद्या शाळेला सुट्टी.’ दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग घरीच! सुट्टी होती ती नदीकाठच्या गावांना. नेमके त्याच दिवशी शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले होते. माझ्या शेजारच्या मैत्रिणीला फळ्यावरचं दिसायचं नाही. तीही माझ्यामुळेच घरी राहिली. तिला चष्मा मिळाला तो पुढच्या वर्षी. तोवर फळ्यावरचं सगळं मी तिला वाचून दाखवायचे. तीच माझी शिक्षा. आजोबा एवढंच म्हणाले, “पोरी, अर्धवट ऐकलेली बातमी म्हंजे अफवाच की गं!”

पुढे डी.एड.ला असताना माधव गडकरी या पत्रकाराविषयी वाचलं, तेव्हा तो फळाच आठवला. गडकरींचा जन्म १९२८चा. त्यांनी दिल्लीला आकाशवाणीत काम केलं आणि नंतर पणजीच्या ‘गोमन्तक’ दैनिकाचे ते संपादक झाले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगिजांकडून मुक्त झाला होता. मग प्रश्न आला, गोव्याने महाराष्ट्रात यायचं की वेगळं राहायचं? त्यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण होती फूल आणि वेगळं राहण्याची दोन पानं. गडकरींचा ‘गोमन्तक’ फुलाच्या बाजूने जोरात लिहीत होता. ‘राष्ट्रमत’ हे दुसरं मराठी दैनिक तितक्याच जोरात दोन पानांच्या बाजूने.

मतं मोजली. फुलाला १,३८,१७०, तर दोन पानांना १,७२,१९१! दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. मुलांनो, संपादकाचं मत कितीही ठाम असो, त्याला हा आकडा बदलता येत नाही. मत आपलं असतं, पण बातमी जशी घडली तशीच असते.

या पराभवाने गडकरींची लेखणी काही थांबली नाही. पुढे ते ‘मुंबई सकाळ’चे आणि ‘लोकसत्ता’चे संपादक झाले. त्यांचं ‘चौफेर’ हे सदर लोक आवडीने वाचत. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००६ साली ते गेले.

आता मी स्वतः बाई आहे. माझ्या वर्गातल्या फळ्याचे मी दोन भाग केलेत. डावीकडे ‘बातमी’, उजवीकडे ‘माझं मत’. परवा एकाने मोबाइलवर आलेला निरोप डावीकडे लिहायला घेतला. लगेच मागून एक चिमुरडी ओरडली, “ए, कुणी सांगितलं ते आधी सांग!”

त्याने खडू खाली ठेवला आणि विचारायला ऑफिसात पळाला. मला आजोबांचा रेडिओ आठवला.

तुमच्या घरी आज एखादी बातमी आली, तर तुम्हीही एवढं विचाराल ना?

तुमच्या बाई