तिळाएवढा डाग

मंगळावरील जेझेरो विवरात, एका प्राचीन नदीच्या कोरड्या पात्रात, जुलै 2024 मध्ये 'पर्सिव्हिअरन्स' या फिरत्या यानाला तांबूस शिळेवर काळ्या किनारीचे, फिकट, तिळाएवढे डाग आढळले, आणि तेव्हापासून माझे काम एकाच जागी अडून बसले आहे. पृथ्वीवर अशा डागांमागे सूक्ष्मजीवांचा व्यापार असू शकतो, परंतु जीवावाचूनही ते पडू शकतात. सप्टेंबर 2025 च्या शोधनिबंधानेही याहून पुढचा फैसला दिलेला नाही.

चेस्ली बोनस्टेलने टायटनवरून दिसणारा शनी रंगवला, ते चित्र 1944 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून आम्हा अंतराळचित्रकारांचे इमान क्षितिजाशी जडले. आता शोध्य वस्तूच मिलिमीटरच्या मापाची झाली. डाग दिसावा म्हणून शिळेजवळ जावे, तर मंगळ नाहीसा होऊन इथे जबलपूरच्या लमेटाघाटावरही पडलेला असू शकेल असा एक दगड तेवढा उरतो. मागे सरून दरी कवेत घ्यावी, तर ज्याच्यासाठी चित्र आरंभिले तो डागच लोपतो. आणि तो मोठा करून रंगवावा, तर पुराव्यात फेरफार केल्याचा दोष लागतो. तिरप्या उजेडाचाही उपयोग नाही, कारण मंगळाच्या धुळकट आकाशाखाली छायाही मंदावलेली असते.

याच जबलपुरात 1828 मध्ये कॅप्टन स्लीमनला डायनासोरची हाडे सापडली. तसला ठसठशीत दाखला मंगळाकडून मिळेल, ही आशा मी सोडली आहे. चित्रकूटच्या सुमारे 160 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतील शैवालसदृश जीवाश्मही सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखावे लागले.

हल्ली संगणकावर घटकेत परग्रह निर्माण करणाऱ्यांना ही अडचण जाणवतच नाही. जांभळे आकाश, दोन सूर्य आणि निळी अरण्ये यांची त्यांच्याकडे रेलचेल आहे. 1976 मध्ये व्हायकिंग यानाच्या पहिल्या रंगीत छायाचित्रात मंगळाचे आकाश निळसर दिसले, तेव्हा शास्त्रज्ञांनी ते लवकरच दुरुस्त केले. त्या शिस्तीला ज्याने रजा दिली, त्याचे रंगकौशल्य मी कला मानीत नाही.

मात्र माझी लालसाही निर्मळ नाही. जीव सापडलाच, तर लोकमानसातले त्याचे पहिले रूप माझ्या हातचे असावे, अशी माझी तीव्र इच्छा आहे; आणि हात कापू लागल्यापासून ती ओसरण्याऐवजी बळावली आहे. माझी शिष्या जोडचित्राची तजवीज सुचवते: एका चौकटीत दरी, दुसरीत डाग. मला ती मंजूर नाही. डाग आणि दरी एकाच दृष्टिक्षेपात भेटली पाहिजेत. म्हणून सध्या मी दृष्टिबिंदू जमिनीपासून वीतभर उंचीवर आणून शिळा अगदी पुढ्यात मांडली आहे, तरी पाहणाऱ्याची नजर प्रथम दूरच्या कड्यांकडेच धावते. तेव्हा क्षितिजरेषाच चौकटीबाहेर घालवावी की काय, या विचारात आहे.